क्रॉसरोड्स, हाजी अली (मुंबई)

मुंबईतील पहिल्या बंदिस्त, वातानुकूलित मॉलपैकी एक. ताडदेव भागात, हाजी अलीजवळ पंडित मदनमोहन मालवीय मार्गावर पिरामल उद्योगसमूहाने तो १९९९ मध्ये सुरू केला. भारतातला पहिला मॉल असा त्याचा उल्लेख सर्रास होतो. मात्र चेन्नईचा स्पेन्सर प्लाझा त्याच्या आधीचा आणि दिल्लीचा अन्सल प्लाझा त्याच सुमाराचा असल्याने हा मान निर्विवाद नाही.

रस्त्याकडे पाठ आणि आतल्या चौकाकडे तोंड करून दुकाने मांडण्याची ही पद्धत अमेरिकेतली. मिनेसोटा राज्यात इडायना येथे १९५६ मध्ये उघडलेले साउथडेल सेंटर हा तिचा पहिला पूर्ण नमुना. वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन. तिथल्या कडाक्याच्या थंडीत असा आडोसा हवाच होता. मुंबईत ही पद्धत रुजली ती १९९१ नंतरच्या खुल्या आर्थिक धोरणामुळे. तोवर ‘फॉरेनचा’ माल हवा असला की लोक हाजी अलीच्याच हिरा पन्ना बाजारात जात. आता तसा माल काचेच्या दर्शनी दालनात, छापील किमतीला मिळू लागला.

क्रॉसरोड्सची खरी कहाणी त्याच्या दारातली आहे. उघडल्यावर तिथे लोटलेल्या गर्दीत खरेदीला आलेल्यांपेक्षा सरकते जिने आणि झगमगाट पाहायला आलेलेच जास्त होते. व्यवस्थापनाने मग अट घातली: खिशात मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्याला आत सोडायचे, बाकीच्यांनी प्रवेशशुल्क भरायचे. येणाऱ्या कॉललाही पैसे मोजावे लागत असे ते दिवस. फोन बाळगणारा माणूस म्हणजे चार पैसे राखून असलेला, असा सरळ हिशेब. टीका झाली आणि अट मागे घ्यावी लागली. ती अन्याय्यच होती. या शहरातला छपराखालचा बाजार काही नवा नव्हता. विल्यम एमर्सनच्या आराखड्याप्रमाणे बांधलेले क्रॉफर्ड मार्केट (आजची महात्मा जोतिबा फुले मंडई) १८६९ पासून उभे आहे. त्याच्या प्रवेशद्वारांवर लॉकवुड किपलिंगने घडवलेल्या शिल्पपट्टीत शेतात राबणारी माणसे आहेत, आणि त्या कमानीखालून आत शिरणाऱ्याला कोणी खिसा दाखवायला सांगत नाही. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरून लग्नाचा बस्ता बांधायला मंगलदास मार्केट गाठणाऱ्या अलिबागकरांनाही तसे कधी विचारले गेले नाही. पाहायला येणारा आज ना उद्या गिऱ्हाईक होतो, हे मंडईतल्या कोणत्याही गाळेवाल्याला ठाऊक असते.

पुढे ही वास्तू किशोर बियाणी यांच्या फ्यूचर समूहाकडे गेली आणि ‘सोबो सेंट्रल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. दरम्यान मालाडला इनऑर्बिट, लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारातला मॉल असे कितीतरी मोठे मॉल उभे राहिले. कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील १९८२ च्या गिरणी संपानंतर ओस पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनींनी त्यांपैकी लोअर परळच्या मॉलला जागा पुरवली.  ऐसपैस आवार, चित्रपटगृहे आणि प्रशस्त वाहनतळ असलेल्या या मॉलपुढे क्रॉसरोड्स अपुरा पडू लागला. २०२० ची टाळेबंदी आणि पाठोपाठ फ्यूचर समूहाची दिवाळखोरी यांतून तो सावरला नाही. त्यातली बहुतेक दुकाने बंद झाली.