नल संदर्भ त्रुटी, युनिट टेस्टमधील

ज्या व्हेरिएबलमध्ये कोणत्याही ऑब्जेक्टचा पत्ता नाही, त्याच्यामार्फत एखादी मेथड बोलावली किंवा फील्ड वाचले की चालू प्रोग्रॅम जागीच थांबतो. ही नल संदर्भ त्रुटी. जावात तिचे नाव नलपॉइंटरएक्सेप्शन, डॉट नेटमध्ये नलरेफरन्सएक्सेप्शन. रोजच्या बोलण्यात जावावाले नुसते ‘एनपीई’ म्हणतात. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी नल संदर्भाची सोय केली. 2009 मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच तिला अब्ज डॉलरची चूक म्हटले. ती सोय घडवणे फार सोपे होते म्हणून मोह आवरला नाही, असे कारणही त्यांनी दिले.

युनिट टेस्टमध्ये ही त्रुटी एवढी का येते, याचे उत्तर टेस्टच्या स्वरूपातच आहे. प्रोग्रॅमचा एक भाग बाकीच्या भागांपासून तोडून तपासायचा, तर एरवी स्प्रिंगसारखे फ्रेमवर्क न सांगता जे पुरवते ते सगळे नाहीसे होते. डेटाबेसचा दुवा, लॉगिन केलेला वापरकर्ता, चालू वेबविनंती यांपैकी टेस्ट लिहिणाऱ्याने जे हाताने दिले नाही, ते नल असते. म्हणून एनपीई दिसताच पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हा नल कोणाचा आहे, टेस्टच्या मांडणीचा की मूळ कोडचा? हा प्रश्न टाळून केलेली दुरुस्ती बहुधा चुकीच्या फाइलमध्ये होते.

मांडणीतून येणाऱ्या नलच्या काही वाटा ठरलेल्या आहेत. स्प्रिंगमधला क्लास टेस्टमध्ये ‘न्यू’ने तयार केला, तर ऑटोवायर्ड फील्ड भरणारे कोणी उरत नाही. मॉक, म्हणजे खऱ्या भागाच्या जागी ठेवायचा बनावट ऑब्जेक्ट, जाहीर केला, पण तो जिवंत करणारे मॉकिटो या लायब्ररीचे एक्स्टेन्शन लावले नाही, तर मॉक स्वतःच नल राहतो. जेयुनिट 4 चा रनर आणि जेयुनिट 5 चे टेस्ट अ‍ॅनोटेशन एकाच फाइलमध्ये आले की नेमके हेच होते, आणि जुना प्रकल्प नव्या आवृत्तीवर नेताना ही भेसळ नजरेतून सहज सुटते, कारण कोड कंपाइल होतो आणि वाचायला बरोबर दिसतो.

याहून फसवी वाट मॉकच्या उत्तरांची. न शिकवलेल्या मेथडसाठी मॉकिटो संख्येच्या जागी शून्य, यादीच्या जागी रिकामी यादी आणि बहुतेक इतर ऑब्जेक्टच्या जागी नल परत करते. ‘98’ने सुरू होणारा दहा अंकी मोबाइल क्रमांक आला तर हा ग्राहक दे, असे मॉकला शिकवले, कोडने मात्र शोध घेण्याआधी क्रमांकाला ‘+91’ जोडले. मॉकच्या दृष्टीने हा वेगळाच प्रश्न, म्हणून उत्तर नल. आणि त्रुटी उमटते ती तिसऱ्याच ओळीवर, ग्राहकाचे नाव वाचताना. मॉकिटोची कडक स्टबिंगची सोय चालू असेल तर आर्ग्युमेंटमधली ही तफावत ती स्वतः दाखवते. ती बंद करण्याचे सबळ कारण क्वचितच असते.

त्रुटी जिथे उमटते तिथे ती जन्मलेली नसते, हे तपासाचे सूत्र. कोरमंगलातल्या घरपोच जेवणाचे शुल्क काढणारी एक ओळ घ्या: ऑर्डर, तिचा ग्राहक, त्याचा पत्ता, पत्त्यातला पिनकोड 560034, सगळे टिंबांनी जोडलेले. जुन्या जावात फक्त ओळक्रमांक मिळे; चारांपैकी रिकामे कोण ते कळत नसे. मार्च 2020 मधल्या जावा 14 ने त्रुटीच्या संदेशात नेमका नल कुठे आहे हे सांगण्याची सोय आणली आणि जावा 15 पासून ती आपोआप चालू असते. त्याआधीच्या आवृत्तीवर काम असेल तर साखळी तोडून प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर घ्यावी. मग स्टॅक ट्रेसमध्ये आपल्या कोडची पहिली ओळ गाठावी, नल व्हेरिएबलला मूल्य कुठून मिळाले ते पाहावे, तिथून आणखी मागे जावे.

मागे जाण्याच्या या पद्धतीवर बंगळुरूत महत्त्वाचे संशोधन झाले आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे रविचंद्रन माधवन आणि भारतीय विज्ञान संस्थेचे राघवन कोमोंदूर यांनी 2011 च्या ऊप्स्ला परिषदेत जावासाठी एक विश्लेषण मांडले. ते संशयित ओळीपासून उलट दिशेने, मेथडच्या सीमा ओलांडत प्रोग्रॅमच्या आरंभापर्यंत जाते आणि इथे नल यायचा तर सुरुवातीला कोणती अट खरी असावी लागेल, ते शोधते. अशी अट शक्यच नसेल तर ओळ सुरक्षित. वाटेत निरुपयोगी ठरणाऱ्या उपअटी छाटल्या जातात, नाहीतर सूत्र आवाक्याबाहेर वाढते. दहा खऱ्या जावा प्रोग्रॅमांवर ही पद्धत तपासली गेली. युनिट टेस्ट तिने दिलेल्या इनपुटपुरतीच साक्ष देते. हे विश्लेषण सगळ्या वाटांबद्दल बोलते. दोघांची गरज वेगळी आहे.

‘नल असेल तर परत फिर’ अशी ओळ घालून टेस्ट हिरवी करणे ही सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत घातक दुरुस्ती होय. पिनकोड नसलेली ऑर्डर मग शून्य शुल्कात पुढे जाते आणि चूक हिशेबात उघडी पडते. पत्ता नसणे वैध आहे का, हे आधी ठरवावे. वैध असेल तर त्या स्थितीची स्वतंत्र टेस्ट लिहावी. नसेल तर ऑब्जेक्ट तयार होतानाच स्पष्ट संदेशासह नकार द्यावा.

अशी टेस्ट नसली तर काय होते, हे 12 जून 2025 रोजी जगाने पाहिले. गुगल क्लाउडच्या ‘सर्व्हिस कंट्रोल’ या यंत्रणेत 29 मे रोजी कोटा तपासणारा नवा कोड गेला होता. टप्प्याटप्प्याने तो सर्वत्र पोहोचला, पण दोष असलेली वाट एकदाही चालवली गेली नाही, कारण तिला जागे करणारे धोरण डेटामध्ये आलेच नव्हते. 12 जूनला, भारतीय वेळेनुसार रात्री सव्वाअकराच्या सुमारास, रिकामी फील्ड असलेले धोरण टाकले गेले, काही सेकंदांत जगभर पसरले आणि नल पॉइंटरमुळे सेवा पुन्हा पुन्हा कोसळू लागली. मूळ कारण दहा मिनिटांत सापडले. सर्वत्र ती वाट बंद करायला सुमारे चाळीस मिनिटे गेली, आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या विभागात पूर्ववत व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास. त्या कोडमध्ये त्रुटी हाताळणी नव्हती आणि तो फीचर फ्लॅगमागेही ठेवलेला नव्हता, हे गुगलने आपल्या अहवालात नोंदवले. रिकाम्या फील्डचे एक धोरण देणारी टेस्ट लिहायला थोडाच वेळ लागला असता.

भाषांनीही उपाय केले. 2016 मधल्या कॉटलिन 1.0 मध्ये नल चालणारा आणि न चालणारा प्रकार वेगळा आहे. 2019 मधल्या सी शार्प 8 ने अशी सोय ऐच्छिक इशाऱ्यांच्या रूपात दिली. जावासाठी उबरचे नलअवे हे साधन बिल्डच्या वेळी तपासते. बाहेरून येणाऱ्या डेटापुढे मात्र हा पहारा अपुरा पडतो. जीसन ही लायब्ररी जेसन वाचताना कॉटलिनचा कन्स्ट्रक्टर वगळून ऑब्जेक्ट बनवू शकते आणि नल न चालणाऱ्या फील्डमध्येही नल ठेवते. म्हणून कॉटलिनच्या प्रकल्पातही फील्ड गाळलेला जेसन देणारी टेस्ट लिहावी लागते.