गिझर, सैल सांधा आणि ओमचा नियम

घराला किंवा दुकानाला आग लागल्याच्या वृत्तात ‘शॉर्ट सर्किट’ हे कारण सर्रास नोंदवले जाते. प्रत्यक्षात शॉर्ट सर्किट आणि सैल सांध्यात निर्माण होणारी उष्णता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एमसीबी नावाचा स्वयंचलित खटका पहिलीपासून संरक्षण देतो. दुसरी त्याला बहुधा कळतही नाही. असे का घडते, याचे उत्तर शालेय भौतिकशास्त्रातील दोन सूत्रांत आहे. विद्युतदाबाला विद्युतप्रवाहाने भागले असता रोध मिळतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला असता शक्ती मिळते.

पहिले सूत्र ज्या नियमावर उभे आहे, तो जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग सायमन ओम यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा निष्कर्ष इंग्लंडचे जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह ॲम्पिअरमध्ये मोजला, की रोध ओममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये येते.

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. त्यावर चालणारा २००० वॅटचा गिझर २००० भागिले २३०, म्हणजे सुमारे ८.७ ॲम्पिअर प्रवाह घेतो. २३० ला ८.७ ने भागले, की त्याच्या कॉइलचा रोध निघतो : सुमारे २६.५ ओम. ६ ॲम्पिअरच्या एक्स्टेंशन बोर्डवर असा गिझर चालविल्यास प्रवाह क्षमतेच्या दीडपटीहून थोडा कमी भरतो, तथापि बोर्डच्या तारेतील उष्णता दुपटीहून अधिक होते. वर्गाच्या प्रमाणाचा अर्थ हाच.

संध्याकाळी वीजवाहिनीच्या टोकाकडील गावांत दाब उतरतो, तेव्हा हाच हिशेब उलट दिशेने चालतो. दाब १८० व्होल्टवर आला, तर प्रवाह ६.८ ॲम्पिअर आणि शक्ती सुमारे १२२५ वॅट उरते. दाबात २२ टक्के घट, शक्तीत मात्र जवळपास ३९ टक्के. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापविण्यास एरवी सुमारे १६ मिनिटे पुरतात, तेथे २५ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. वीजबिलात मात्र फारसा फरक पडत नाही, कारण पाण्याला लागणारी ऊर्जा दोन्ही वेळी तितकीच, अर्ध्या युनिटच्या आसपास, असते.

आता याच गिझरच्या सॉकेटमधील एक स्क्रू सैल झाला आणि त्या जागी अर्धा ओम रोध निर्माण झाला, असे समजू. एकूण रोध सुमारे २७ ओम होतो आणि प्रवाह ८.५ ॲम्पिअरपर्यंत किंचित उतरतो. सांध्यावर सुमारे ४.३ व्होल्टचा दाब पडतो. ४.३ गुणिले ८.५, म्हणजे साधारण ३६ वॅट उष्णता काही मिलिमीटरच्या जागेत साठू लागते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातील सोल्डरिंग आयर्नची शक्ती याच पट्ट्यात असते. तुलनेसाठी, १० मीटर अंतरावर नेलेल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारांचा जाण्या-येण्याचा मिळून रोध ०.१४ ओम भरतो. त्यांत निर्माण होणारी सुमारे १० वॅट उष्णता २० मीटर लांबीवर पसरून सहज निघून जाते. सांध्याला ती सोय नाही. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, रोध आणखी वाढतो, प्लास्टिक करपू लागते.

एमसीबी केवळ प्रवाह पाहतो. शॉर्ट सर्किटमध्ये मार्गाचा एकूण रोध अर्ध्या ओमवर आला, तर प्रवाह ४६० ॲम्पिअरवर जातो आणि खटका क्षणार्धात पडतो. सैल सांध्यात प्रवाह वाढत नाही, उलट थोडा घटतो. मग खटका पडावा कशाने? त्यामुळे गरम लागणारा प्लग, पिवळी पडलेली सॉकेटची कड किंवा जळका वास याच खऱ्या सूचना ठरतात. सॉकेटवर भार नसताना आणि असताना दाब किती, हे जाणकार वायरमन मोजतो आणि टाँग टेस्टरने प्रवाह पाहतो. दोन दाबांतील फरकाला प्रवाहाने भागले, की पुरवठ्याच्या मार्गातील रोध समजतो. त्याच फरकाला प्रवाहाने गुणले, की त्या मार्गात वाया जाणारी शक्ती. हा फरक शेजारच्या सॉकेटपेक्षा बराच अधिक असेल, तर सांधा तपासावा लागतो. हे मोजमाप जिवंत तारांवर होत असल्याने ते घरच्या घरी करून पाहण्याचे काम नव्हे.

राष्ट्रीय पारेषण जाळ्याची रचनाही याच गणितावर बेतलेली आहे. छत्तीसगडमधील रायगढ ते तमिळनाडूतील पुगळूर ही थेट प्रवाहाची वाहिनी ६००० मेगावॅट क्षमतेची असून धन आणि ऋण ८०० किलोव्होल्टवर चालते. दोन ध्रुवांमधील दाब १६ लाख व्होल्ट असल्याने पूर्ण भारालाही ३७५० ॲम्पिअर पुरतात. दाब निम्मा ठेवला असता, तर प्रवाह दुप्पट आणि तारांतील नुकसान चौपट झाले असते.

ही सूत्रे गिझर, इस्त्री, शेगडी अशा तापणाऱ्या उपकरणांना थेट लागू पडतात. पंख्यासारख्या मोटरीत प्रत्यावर्ती दाब आणि प्रवाह यांच्यात कालांतर पडते, म्हणून त्यांच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने गुणावे लागते : २३० व्होल्ट, ०.४ ॲम्पिअर आणि ०.८ पॉवर फॅक्टर असलेला पंखा ९२ नव्हे, तर सुमारे ७४ वॅट घेतो. जुन्या ६० वॅटच्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतील रोध ८८० ओमच्या आसपास निघतो. तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटर त्याच्या दहा-पंधरा पट कमी आकडा दाखवितो, कारण टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो. एलईडी दिव्यात तर इलेक्ट्रॉनिक मंडल असल्याने दाबाला प्रवाहाने भागून येणारा आकडा दिव्याचा रोध मानता येत नाही.