वैशाखातील वाचक

मुद्रणकला महाराष्ट्रात रुळण्यापूर्वी वाचनाचा खरा ऋतू पावसाळा होता. आषाढी एकादशीला चातुर्मास बसला, पेरण्या उरकल्या आणि वाटा चिखलाने बंद झाल्या, की देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या संपन्न गृहस्थाच्या ओसरीवर पुराणिकबुवा श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ अथवा ‘पांडवप्रताप’ सोडून बसत. पोथी एक, वाचणारा एक आणि ऐकणारा सारा गाव, अशी ती व्यवस्था होती, आणि काय वाचावे हा प्रश्न कोणाच्या मनात उद्भवण्याचे कारण नव्हते, कारण त्याचे उत्तर परंपरेने आधीच देऊन ठेवलेले होते. पुढे छापील पुस्तक आले, ते एकट्याने आणि मनातल्या मनात वाचावयाचे होते. त्याला जी निवांत दुपार लागते ती इंग्रजी अमलातील शाळा, कचेऱ्या आणि दिवाणी न्यायालये यांनी आपल्या नव्या पंचांगात मे महिन्याच्या वाट्याला घातली. वाचनाचा ऋतू अशा रीतीने श्रावणातून वैशाखात आला, आणि मराठी ग्रंथव्यवहाराच्या अनेक आरंभतिथी नेमक्या याच महिन्याच्या आसपास का सापडतात, याचे मर्म मला या स्थित्यंतरात दिसते.

आमच्याकडील सार्वजनिक ग्रंथालये या स्थित्यंतराच्या प्रारंभीच जन्मास आली. रत्नागिरीचे १८२८ मध्ये, अहमदनगरचे १८३८ मध्ये, नाशिकचे १८४० मध्ये, पुण्याचे १८४८ मध्ये आणि कोल्हापूरचे १८५० मध्ये, अशा क्रमाने ‘नेटिव्ह लायब्ररी’ या नावाच्या संस्था जिल्ह्याच्या ठाण्याठाण्यांतून निघाल्या. त्यांना इंग्रज अधिकाऱ्यांचा आश्रय असे, आणि त्यांचे वर्गणीदार म्हणजे मुन्सफ, मामलेदार, शिरस्तेदार, वकील आणि शाळाखात्यातील मास्तर. लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात बुधवारवाड्यात निघालेली लायब्ररी, जिला आज आपण पुणे नगर वाचन मंदिर म्हणतो, ती याच मालिकेतील. या संस्थांच्या कपाटांत इंग्रजी ग्रंथ आणि वृत्तपत्रे पुष्कळ असत, मराठी पुस्तके त्या मानाने थोडी. व्याकरण, नीतिबोध, भूगोल, भाषांतरित इतिहास आणि दक्षिणा प्राइज कमिटीच्या पारितोषिकास पात्र ठरलेली काही पुस्तके, इतकाच काय तो मराठी संग्रह. सुटीत मन रमवावे असे पुस्तक मागणाऱ्याला देण्यासारखे फारसे काही नव्हते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आले आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये, आणि मग कोठे मराठी वाचकाला दुपारभर खाली ठेववणार नाही असे पुस्तक मिळू लागले. ‘मुक्तामाले’तील अद्भुत योगायोगांची आणि लांबलचक विलापांची पुढे पुष्कळ टवाळी झाली, परंतु ज्या वाचकांना छापील अक्षराची गोडी लागली ती याच पुस्तकांनी लागली, हे ऋण मान्य करण्यास आपण कचरू नये.

आता मे महिन्याकडे वळू. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती ऐन उन्हाळ्यात. पुढे तीनच वर्षांनी, ११ मे १८७८ रोजी, रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्याच्या हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरविली. रानडे त्या वेळी नाशिकच्या न्यायासनावर होते. त्या काळचे बहुतेक ग्रंथकर्ते कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्यात चाकरीस असल्यामुळे त्यांना एकत्र येण्यास सुटीवाचून दुसरा मोकळा काळ नव्हता. दुसरी सभा १८८५ च्या मे महिन्यात पुण्यासच भरली, आणि महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली ती २७ मे १९०६ रोजी. आज साहित्य संमेलन हिवाळ्यात भरविण्याची वहिवाट पडली आहे, म्हणून त्याचे बीज वैशाखाच्या उन्हात पडले होते ही गोष्ट विस्मृतीत गेली. वस्तुतः ही संमेलनपरंपरा ही उन्हाळी सुटीचीच देणगी आहे.

पण सुटी कोणाची, हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. १८८५ च्या त्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांच्याकडून सर्व माणसांचे हक्क मोकळ्या मनाने मान्य होत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसावयाचा नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ग्रंथालयाच्या इतिहासकाराने हे पत्र पुढ्यात ठेवूनच लिहावयास हवे. शेतकऱ्याला वैशाख ही सुटी नव्हे. नांगरट, शेणखत आणि पावसापूर्वीची शाकारणी यांत त्याचा महिना जातो, आणि लायब्ररीची अनामत व दरमहाची वर्गणी हा त्याच्या जमाखर्चात बसणारा खर्च नव्हता. स्त्रियांची अवस्थाही निराळी नव्हती. घरातला मुलगा किंवा भाऊ जे पुस्तक बदलून आणील ते त्यांनी दुपारची निजानीज झाल्यावर वाचावे, त्यांच्या आवडीनिवडीची विचारपूस कोणी करू नये, अशीच पुष्कळ वर्षे रीत होती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढून ‘पण लक्षात कोण घेतो?’ तीतून क्रमशः छापली, तेव्हा या अदृश्य वाचकवर्गाला प्रथमच त्याच्या स्वतःच्या दुःखाचे पुस्तक मिळाले.

केवळ मराठी पुस्तकांचे ग्रंथालय असावे, ही कल्पना मात्र ठाण्याची. १ जून १८९३ रोजी, म्हणजे सुटी संपता संपता, विनायक लक्ष्मण भावे यांनी आपल्या वयाच्या बाविसाव्या वर्षी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाचा पाया घातला. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या या पुरुषाने मराठीत छापलेले लहानमोठे प्रत्येक पुस्तक जतन झाले पाहिजे असा ध्यास घेतला होता, आणि ज्या पुस्तकांना विद्वान हात लावीत नसत तीही त्यामुळे वाचली. त्याच धर्तीवर १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले आणि पुढे मुंबईभर त्याच्या शाखा झाल्या.

खेड्यातील वाचकाची तजवीज पहिल्याने केली ती मात्र बडोद्याने, आणि या भागापाशी थोडे थांबले पाहिजे. नाशिककडील कवळाणे गावातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव महाराजांनी आपल्या राज्यात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि शिकलेली अक्षरे पुस्तकावाचून पुसून जातात हे ओळखून १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास आणवून ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच उघडले. त्या खात्याच्या फिरत्या ग्रंथालयाची रीत अशी : मजबूत लाकडी पेटी, तिला कुलूप, आत मोजकी परंतु निवडून भरलेली पुस्तके, ही पेटी गावातील शाळेच्या मास्तराच्या किंवा एखाद्या जबाबदार गृहस्थाच्या नावे रवाना होई, वाहतुकीचा खर्च दरबार सोशी, वाचकाला एक पैसाही पडत नसे, आणि मुदत भरली की ती पेटी परत जाऊन दुसरी येई. गुजराती मुलखातील ही पेटी स्वाभाविकच बहुतांश गुजराती पुस्तकांची असे. पण महाराजांनी मराठीचाही विसर पडू दिला नाही, आणि श्री सयाजी साहित्यमाला व मुलांसाठी बालज्ञानमाला या मालांतून दोन्ही भाषांत पुस्तके सिद्ध करविली. या खात्याचा कारभार पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थाने पाहिला, आणि तेथील ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघत असे. पेटी भरणारा जो कोणी कारकून असेल, त्याच्या कामाचे महत्त्व मला फार वाटते. ज्या गावात दुसरे पुस्तकच नाही तेथे काय पाठवावे हे ठरविणे म्हणजे शंभर माणसांच्या वर्षाचे मनोगत ठरविणे होय.

ब्रिटिश मुलखात ही जाग उशिरा आली. १९३९ मध्ये मुंबई सरकारने आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची पायऱ्यापायऱ्यांची योजना मांडली, आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा त्यानंतर १९६७ मध्ये झाला. तो अमलात आला १ मे १९६८ रोजी. पुन्हा मे महिनाच.

दिवाळी अंकांची प्रथा ‘मनोरंजन’कार काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये पाडल्यापासून दिवाळी हा प्रकाशकांचा हंगाम झाला, ग्रंथालयाचा हंगाम मात्र उन्हाळाच राहिला. कोणत्याही जुन्या ग्रंथालयातील बाबूराव अर्नाळकरांची एखादी रहस्यकथा किंवा ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ काढून शेवटच्या पानावर डकवलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. फेब्रुवारी-मार्चात दोन शिक्क्यांमध्ये पंधरवडा लोटलेला असतो, आणि एप्रिल उलटला की शिक्के एकमेकांवर चढतात. आज नेले, उद्या परत, परवा दुसऱ्याच्या घरी. पुठ्ठा निखळलेला, पाने चिकटपट्टीने सांधलेली, कोपऱ्यांवर आंब्याच्या रसाचे पिवळे डाग. हजाराहून अधिक कादंबरिका लिहिणाऱ्या अर्नाळकरांना समीक्षकांनी आपल्या पंक्तीस बसविले नाही, परंतु त्या चिठ्ठीवरील शिक्क्यांइतका निःपक्षपाती अभिप्राय दुसरा कोणता असणार?

अनेक ग्रंथालये हल्ली परीक्षा संपल्याबरोबर मुलांना सुटीपुरते बालसभासद करून घेतात, आणि देवघेवीच्या टेबलाजवळ निराळी पुस्तके मांडून ठेवतात. त्या मांडणीत फास्टर फेणे असावाच. पण जी मुले दहावी ओलांडून आली आहेत, त्यांच्या हाती ग्रंथपालाने आपण होऊन लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि वरसईच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ ही दोन पुस्तके द्यावीत. द्रव्य मिळवून घरचे ऋण फेडावे या हेतूने उत्तरेकडे निघालेला एक गरीब भिक्षुक १८५७ च्या बंडाळीत सापडतो, झांशीचा वेढा आतून पाहतो आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परततो, ही हकिगत १९०७ मध्ये प्रथम छापली गेली. ती एकदा सुरू केली, की उन्हे कधी कलली याचे भान मुलाला राहत नाही.