वेणी, भय आणि अस्मिता : लू शुन यांच्या कथांतील एक चिन्ह

एखाद्या समाजाच्या अस्मितेचा विचार करताना समीक्षा बहुधा धर्मग्रंथ, भाषा, मिथके यांच्याकडे वळते. केस, पोशाख, चालण्याची ढब ही दैनंदिन व्यवहारातील चिन्हे त्या विचारात दुय्यम ठरतात. आधुनिक चिनी कथेचे प्रवर्तक लू शुन (१८८१-१९३६) यांनी या क्रमाची उलटापालट केली. त्यांच्या कथांत ‘चिनी असणे’ म्हणजे काय, हा प्रश्न पुन:पुन्हा पुरुषाच्या डोक्यावरील वेणीपाशी येऊन थांबतो. ही वेणी परंपरेची खूण होती की पराभवाची, असा पेच त्यांत उभा राहतो. आणि दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात, हे या कथांचे अस्वस्थ करणारे म्हणणे आहे.

वेणीचा इतिहास राजाज्ञेपासून सुरू होतो. १६४४ मध्ये मांचूंनी बीजिंग घेतले. पुढल्याच वर्षी बालसम्राटाच्या नावे कारभार पाहणाऱ्या दोर्गोनने फर्मान काढले : हान पुरुषांनी दहा दिवसांच्या आत कपाळावरील केस भादरून मागच्या केसांची मांचू पद्धतीची वेणी घालावी, न घालणारा मृत्युदंडास पात्र ठरेल. मिंग काळातील पुरुष केस वाढवून डोक्यावर बुचडा बांधीत. देह, केस, त्वचा ही आईवडिलांची देणगी असल्याने त्यांना इजा करू नये, ही कन्फ्यूशियन शिकवण त्यामागे होती. साहजिकच राजवंश बदलणे ज्यांनी निमूटपणे सोसले असते, तेही केसांसाठी उठले. यांगत्से नदीच्या खोऱ्यातील जियांगयिन शहर सुमारे ऐंशी दिवस लढले. तेथे आणि जियादिंगमध्ये भीषण कत्तली झाल्या. मराठी वाचकाला येथे शेंडीची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु शेंडीमागे धर्माचरण होते, या वेणीमागे तलवार होती.

पुढच्या दोन शतकांत तलवार विसरली गेली, वेणी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ताइपिंग बंडखोरांनी केस वाढवून मांचू सत्तेला आव्हान दिले, तेव्हा लोकांनी त्यांना ‘लांब केसवाले’ म्हटले. पूर्वजांची रीत आता बंडखोरांची खूण झाली होती. केस राखलेल्याला सरकारी सैन्य मारी, वेणी राखलेल्याला बंडखोर. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तर वेणी नसलेला पुरुष आपल्याच आईला परका वाटू लागला. लादलेले चिन्ह वारशात रूपांतरित होण्याची ही प्रक्रिया राजकीय इतिहासात एका वाक्यात उरकते. ती प्रत्यक्षात कशी घडते, याची नोंद कथेलाच करावी लागली.

लू शुन यांना हा पेच देहावर अनुभवावा लागला. १९०२ मध्ये ते शिक्षणासाठी जपानला गेले व १९०३ मध्ये तेथे त्यांनी वेणी कापली. १९०९ मध्ये परतताच शांघायमध्ये त्यांनी खोटी वेणी विकत घेतली. काही काळाने ती टाकून दिल्यावर रस्त्यात शिव्या खाव्या लागल्या. ‘केसांची गोष्ट’ (१९२०) या कथेतील ‘एन’ हे पात्र याच अनुभवातून आले आहे. विद्यार्थी वेणी कापण्याविषयी विचारतात तेव्हा एन त्यांना परावृत्त करतो, कारण किंमत कोणाला मोजावी लागेल हे त्याला ठाऊक असते. विद्यार्थी त्याला ढोंगी ठरवतात. सुधारणेच्या घोषणेपेक्षा तिची किंमत कोणाच्या माथी बसते, इकडे लू शुन यांचे लक्ष अधिक आहे.

‘वादळ’ (१९२०) ही कथा या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. जुलै १९१७ मध्ये झांग शुन या सेनापतीने पदच्युत बालसम्राट पू यी याला पुन्हा गादीवर बसवले. या सेनापतीने प्रजासत्ताकातही आपल्या सैनिकांना वेण्या कापू दिल्या नव्हत्या. हे पुनरारोहण बारा दिवस टिकले. कथेत मात्र राजधानी कोठेच नाही. नदीकाठच्या अंगणात जेवणाची वेळ आहे. रोज शहरात नाव नेणाऱ्या नावाड्याची वेणी शहरातच कापली गेली आहे. सम्राट परतल्याची वार्ता येते आणि शेजारच्या गावचा खानावळवाला झाओ अंगणात अवतरतो. आजवर डोक्यावर गुंडाळून ठेवलेली वेणी त्याने सोडली आहे, अंगात लांब झगा आहे. हा झगा तो शत्रूचे वाईट झाले की घालतो, हे नावाड्याच्या बायकोच्या तत्काळ ध्यानात येते. वेणीवाचून नवऱ्याचा जीव जाणार, या धास्तीने ती त्यालाच शिव्या घालू लागते. शेजारी दूर सरतात. काही दिवसांनी ती झाओला पुन्हा पाहते : वेणी गुंडाळलेली, झगा नाही. सम्राट गेला, हे तिला कळून चुकते. सत्तांतर वाचण्याची तिची साधने एवढीच आहेत, आणि ती अचूक आहेत.

‘आ क्यूची खरी कहाणी’ (१९२१-२२) या दीर्घकथेत हेच सूत्र अधिक निर्मम होते. आ क्यूचे आडनाव, नावाचे अक्षर, मूळ गाव यांपैकी काहीच निवेदकाला निश्चित सांगता येत नाही. प्रतिष्ठितांचे आडनाव आपलेही आहे असे म्हटल्याबद्दल त्याला थप्पड बसते. अस्मितेची सारी प्रचलित साधने ज्याला नाकारली गेली आहेत, त्या माणसाकडे वेणी तेवढी आहे. आणि टवाळखोर तिलाच धरून त्याचे डोके भिंतीवर आपटतात. जपानहून बिनवेणीचा परतलेला श्रीमंताचा मुलगा खोटी वेणी लावून वावरू शकतो. क्रांतीची चाहूल लागताच गावातले सावध लोक वेणी डोक्यावर गुंडाळतात : कापलीही नाही, सोडलीही नाही. आ क्यू चॉपस्टिक खोचून त्यांचे अनुकरण करतो. इतर सारे निभावतात. न केलेल्या दरोड्यासाठी मृत्युदंड होतो तो आ क्यूला. चिन्ह सर्वांचे असले, तरी त्याची शिक्षा सर्वांना सारखी नसते.

‘वादळ’चा शेवट या संपूर्ण चर्चेला वेगळे वळण देतो. अंगण पूर्ववत झाले आहे. नावाड्याची लहान मुलगी नुकत्याच बांधलेल्या पावलांनी लंगडत चालली आहे. पाय बांधण्याची ही हान चाल मांचूंची नव्हती; सतराव्या शतकात त्यांनी तिच्यावर घातलेली बंदी निष्फळ ठरली होती. सत्तेने लादलेली वेणी ‘आपली’ झाली आणि सत्तेने निषिद्ध ठरवलेले पादबंधनही ‘आपलेच’ राहिले. तेव्हा चिन्ह कोठून आले, या प्रश्नाने अस्मितेचा निवाडा होत नाही. ते कोणाच्या देहावर कोरले जाते, हे पाहावे लागते.

ऑक्टोबर १९३६ मध्ये, मृत्यूच्या दोन दिवस आधी, लू शुन आपले गुरू झांग ताइयान यांच्या आठवणी लिहीत होते. त्यातही वेणीचा विषय आला, आपल्या माथ्यावरून हात फिरवण्याची सवय आली. प्रजासत्ताकाला पंचवीस वर्षे झाली होती. तो लेख अपुरा राहिला.