तात्या विंचूचे दुसरे आगमन
१९९३मध्ये महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा चित्रपट आला. मरणाऱ्याचा आत्मा दुसऱ्या देहात घालणाऱ्या कल्पित मंत्राने तात्या विंचू हा गुंड बाहुल्यात शिरतो, हे कथाबीज अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’शी नाते सांगत असले, तरी रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकर यांचा आवाज आणि लक्ष्याच्या भूमिकेतील लक्ष्मीकांत बेर्डे यांची भेदरलेली निरागसता यांमुळे ती भीती अस्सल मराठी झाली. बेर्डे २००४मध्ये निवर्तले. २०१३च्या ‘झपाटलेला २’मध्ये लक्ष्याच्या मुलाची भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली आणि त्रिमिती तंत्र, म्हणजे दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवून खोलीचा भास घडवण्याची रीत, दिमतीला आली, परंतु बेर्डे यांची उणीव त्याने भरून निघाली नाही.