मुंबईची आगबोट ‘ह्यू लिंडसे’

अमळनेरपासून समुद्र दूर आहे. तरीही आपल्या खानदेशातील कितीतरी हाजी मुंबई बंदरातून बोटीने जेद्दाला गेले. १९९५ पर्यंत हा जलमार्ग चालू होता. या वाटेवर वाफेच्या बळावर मुंबईहून प्रथम गेलेल्या बोटीची हकीकत मोठी उद्‌बोधक आहे.

ही बोट म्हणजे ४११ टनांची ‘ह्यू लिंडसे’. मुंबईच्या गोदीत नवरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती बांधली गेली आणि १८२९ साली पाण्यात उतरली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचा तिला भक्कम पाठिंबा होता. १८१८ साली असीरगडाजवळ दुसरे बाजीराव ज्यांच्या स्वाधीन झाले, तेच हे माल्कम.

२० मार्च १८३० रोजी कॅप्टन विल्सन यांनी बोट हाकारली. तिच्यात साडेपाच दिवसांपुरताच कोळसा मावे. म्हणून मिळेल त्या जागेत कोळसा भरण्यात आला. अकराव्या दिवशी एडन गाठले, तेव्हा अवघ्या काही तासांचा कोळसा शिल्लक होता! पुढे जेद्दावरून ती ३३ व्या दिवशी सुवेझला पोहोचली. आफ्रिकेला वळसा घालून विलायतेस जाणाऱ्या शिडाच्या जहाजांना चार-चार महिने लागत. त्या मानाने हा पराक्रमच होता.

आठ वर्षांनी, १८३८ मध्ये, ब्रुनेल यांची ‘ग्रेट वेस्टर्न’ १५ दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचली, आणि तिच्यात सुमारे २०० टन कोळसा उरला होता. बोट मोठी केली की पाण्याचा अडथळा जितका वाढतो, त्याहून अधिक पटीने कोळशाची जागा वाढते, हे गणित ब्रुनेल यांनी ओळखले होते.

‘ह्यू लिंडसे’चा सांगाडा आपल्या सुतारांनी घडविला, इंजिने मात्र विलायतेहून आली. ही उणीव वाडिया घराण्यातीलच अर्देशीर कर्सेटजी या तरुणाने ओळखली. त्यांनी स्वतः १ अश्वशक्तीचे लहान इंजिन तयार केले, १८३३ साली ‘इंडस’ या बोटीत विलायती इंजिन बसविले आणि पुढे इंग्लंडला जाऊन ही विद्या पुरी आत्मसात केली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले भारतीय सदस्य झाले. त्याच वर्षी मुंबईच्या आगबोट कारखान्याचे मुख्य इंजिनिअर म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि इंग्रज कामगार त्यांच्या हाताखाली काम करू लागले.

पिढीजात कसबाला नव्या शास्त्राची जोड मिळाली, म्हणूनच हे घडले. आपल्या मुलांच्या हातांतही कसब आहे. त्यांना शास्त्राची जोड देणे आपले काम आहे.