गव्हाण, झोळी आणि अंगण

दिवाळी सरली की झरी जामणी तालुक्यात कापसाच्या वेचणीला वेग येतो. यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाचा हा तालुका. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. कोलाम आणि गोंड बंधुभगिनींची येथे मोठी वस्ती आहे. कोलामांच्या पाड्यांना इकडे 'पोड' म्हणतात. वेचणीच्या दिवसांत पोडावर म्हातारीकोतारी माणसे तेवढी मागे राहतात. बाया कमरेला ओटी बांधून शेतात उतरतात आणि धुऱ्यावरच्या एखाद्या झाडाला लुगड्याची झोळी टांगलेली असते. झोळीत तान्हे मूल, आणि झोका द्यायला त्याचीच आठ-नऊ वर्षांची बहीण. बाळ रडू लागले की आई तास सोडून येते, पाजते, आणि पुन्हा वेचणीला लागते.

आपल्या धर्मग्रामांतील तरुण आईबाप आज एक प्रश्न वारंवार विचारतात. बाळाला पाळणाघरात किंवा बालवाडीत ठेवायचे आहे. ते तिथे रुळेल कसे? जून महिन्यात बालवाडीच्या दाराशी जो आकांत चालतो तो आपण सर्वांनी पाहिला आहे. हा प्रश्न नोकरी करणाऱ्या मातांमुळे अलीकडे निर्माण झाला, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला ते खरे वाटत नाही. हा प्रश्न प्रथम पडला तो राबणाऱ्या बायांना, आणि त्याचा इतिहास निदान पावणेदोनशे वर्षांचा आहे.

पाळणाघराला फ्रेंच भाषेत 'क्रेश' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ गव्हाण. नाताळात आपण घरोघरी जी मांडतो तीच. फिर्मिन मार्बो हे पॅरिसमधील एका विभागाचे उपमहापौर होते. 1844 साली गरिबांच्या बालकशाळांची पाहणी करताना त्यांच्या ध्यानात आले, की दोन वर्षांवरील मुलांसाठी शाळा आहेत, पण त्याहून लहान मुलांचे काय? त्यांच्या आया कामावर जातात तेव्हा ती कुठे असतात? उत्तर मिळाले ते असे, की कोणा शेजारणीकडे. आणि तिला द्यावे लागणारे पैसे आईच्या तुटपुंज्या मजुरीचा लचका तोडत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शायो या गरीब वस्तीत मार्बो यांनी पहिले पाळणाघर उघडले आणि त्याला बेथलेहेमच्या गव्हाणीचे नाव दिले. तेथील एक गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईने कामाच्या मधल्या सुटीत येऊन त्याला पाजावे, अशी तेथे अपेक्षा होती. मूल दुसऱ्याच्या हाती दिले तरी आईची ये-जा तुटू द्यायची नाही, ही जाण पहिल्याच पाळणाघरात होती.

आमच्याकडे मात्र ती सहजासहजी आली नाही. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे जाई आणि मुंबईच्या गिरण्यांत हजारो बाया राबत. त्यांची तान्ही मुले चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत किंवा एखाद्या म्हातारीपाशी राहत. दिवसभर त्यांनी रडू नये म्हणून त्यांना अफू दिली जाई. 'बाळगोळी' या गोंडस नावाने अफूच्या गोळ्या विकल्या जात. जॉन व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने 1931 च्या अहवालात या चालीची गंभीर नोंद घेतली आणि जिथे बायांची संख्या मोठी आहे अशा कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे करावे, अशी शिफारस केली. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यावर ही जबाबदारी टाकली; 1976 साली ही मर्यादा तीसवर आली. आईला ठरावीक वेळाने मुलाला पाजता यावे, हेही त्या कायद्यात धरले होते. आता कायदा कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे गिरणगावात राहिलेल्या आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

त्या आयांना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. अफू देणारी आई निर्दय नव्हती. तिला दुसरा मार्ग नव्हता. पण त्या गोळीने एक फसगत मात्र पक्की केली. बाळ गप्प आहे, म्हणजे सुखात आहे, ही ती फसगत. अफू गेली तरी हा समज गेलेला नाही. "पहिले चार दिवस रडेल, मग आपोआप गप्प होईल," हे वाक्य आजही किती सहज बोलले जाते!

या समजाला मोठा धक्का दिला तो जेम्स आणि जॉईस रॉबर्टसन या इंग्लंडमधील दांपत्याने. 1969 साली त्यांनी एक चित्रपट सादर केला. सतरा महिन्यांचा जॉन. आईच्या दुसऱ्या बाळंतपणामुळे त्याला नऊ दिवस निवासी बालगृहात ठेवावे लागले. तेथील परिचारिका मायाळू होत्या. पण पाळीप्रमाणे बदलत. जॉन आधी एकीला, मग दुसरीला आपली मानू पाहतो. कोणीच त्याच्या एकट्याची होत नाही. मग तो रडतो, खाणे टाकतो, आणि हळूहळू एका मोठ्या कापडी अस्वलाला बिलगून गप्प पडून राहतो. शेवटी आई घ्यायला येते तेव्हा तो तिच्यापासून तोंड फिरवतो. जॉन गप्प झाला होता, रुळला नव्हता. पाळणाघर निवडताना आपण खोलीचा रंग पाहतो, खेळणी पाहतो. तेथे आपल्या बाळाची म्हणून एक ठरलेली बाई असेल का, हे विचारत नाही. जर्मनीत 1980 च्या दशकात रूढ झालेल्या बर्लिन पद्धतीत यावरच भर आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर तिथेच बसतात, एकदाही सोडून जात नाहीत. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जाऊन पाहतात. मूल त्या ठरलेल्या बाईच्या कुशीत शांत होते की नाही, यावर पुढचा वेग ठरतो. निरोप घेऊन जायचे, मुलाचे लक्ष नसताना पळून जायचे नाही, हेही त्यात आले.

घर आणि शाळा यांतला धागा तोडू नये, हे आणखी एका कॅथोलिक स्त्रीने आधीच ओळखले होते. 6 जानेवारी 1907, प्रकटीकरणाचा सण. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले 'बालकांचे घर' उघडले, आणि ते मुले राहत त्याच चाळवजा इमारतीत. शिक्षिकेने तिथेच राहावे आणि आयांनी वाटेल तेव्हा डोकावून जावे, अशी व्यवस्था होती. 1939 साली त्या मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे वर्षानुवर्षे भारतात अडकून पडल्या.

त्यांचे विचार मराठी मुलखात रुजवले ते ताराबाई मोडक यांनी. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई लग्नानंतर काही काळ अमरावतीस होत्या, म्हणजे वऱ्हाडाशी त्यांचा संबंध आलेला. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यापाशी त्या बालशिक्षण शिकल्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. 1945 मध्ये त्यांनी शहर सोडून ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गाठले (आता ते पालघर जिल्ह्यात आहे). बरोबर अनुताई वाघ होत्या. बालवयातच वैधव्य आलेल्या या बाईने शिक्षिका होऊन आपला मार्ग काढला होता, आणि पुढची जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे तिने याच कामाला दिली. वसईच्या आमच्या वाचकांना हा मुलूख परका नाही.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण गरीब वस्त्यांतली मुले येईनात. इथे ताराबाईंचे थोरपण दिसते. मुलांना ओढून आणावे, खाऊचे आमिष दाखवावे, हे उपाय त्यांनाही ठाऊक असणार. त्यांनी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात, आजी सूप पाखडत बसली आहे, कोंबड्या फिरताहेत, आई पाणी भरते आहे, तिथेच मुलांना गोळा करायचे, अंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची. हीच 'अंगणवाडी', शब्दही त्यांचाच. मॉन्टेसरींची महागडी साधने बाजूला ठेवून खडे, शिंपले, बिया, पाने हाती घेतली. परकी जागा नाही, परक्या वस्तू नाहीत. परकी होती ती फक्त बाई, आणि तिलाही आधी अंगणातल्या आयांची ओळख करून घ्यावी लागे.

1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तिथे निराळीच अडचण. शाळेच्या वयाच्या मुली येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. भावंडाला टाकून ये, म्हणणे सोपे. पण मग आई रानात कशी जाणार? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला 'विकासवाडी' म्हटले. मुलगी भावंडाला घेऊनच येई. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, ती स्वतः वर्गात. शिक्षणतज्ज्ञांनी या प्रयोगावर पुष्कळ लिहिले आहे, पण ते बहुधा मोठ्या मुलीच्या शिक्षणाच्या बाजूने. आम्हांला त्या तान्ह्याची बाजूही तेवढीच मोलाची वाटते. नव्या जागेत त्याला ज्या कडेची सवय होती ती कड हाकेच्या अंतरावर होती. जॉनला नेमके हेच मिळाले नव्हते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा मराठी शब्द देशभर गेला. शब्द गेला, अंगण सगळीकडे गेलेच असे नाही. एक वेगळी इमारत, फलक, नोंदवह्या आल्या. सेविकांवर पोषणाचा, लसीकरणाचा आणि कागदांचा इतका भार पडला की एखाद्या रडव्या मुलाला मांडीवर घेऊन तासभर बसायला त्यांना सवड कुठून मिळावी? त्यांच्या अल्प मानधनाविषयी तर बोलायलाच नको.

झरी जामणीच्या पोडांवर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. तिचे मराठीशी नाते शेजाराचे, रक्ताचे नव्हे. तीन वर्षांचे कोलाम मूल अंगणवाडीत पाऊल टाकते तेव्हा बाई मायाळू असली तरी तिचे शब्द मुलाला आईचे वाटत नाहीत. सेविका पोडावरचीच असेल, तर निम्मे काम तिथेच झालेले असते. आणि अंगणवाडीचा वर्ग भरतो तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याखालच्यांना आहार मिळतो, लस मिळते. दिवसभराचा आसरा मात्र बहुतेक ठिकाणी मिळत नाही. 2022 साली केंद्र सरकारने 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे ठरवले. म्हणजे विकासवाडीतली एक खोली पासष्ट वर्षांनी सरकारी कागदावर आली. त्या खोलीत बाळाबरोबर पहिले काही दिवस त्याच्या बहिणीलाही बसू द्यावे, अशी आमची सूचना आहे. वेचणीच्या दिवसांत आईची मजुरी बुडवता येत नाही, आणि ती नऊ वर्षांची मुलगी एरवीही शाळेबाहेरच असते.